बंद पेटीत गंज कुठून येतो?

भाद्रपदातल्या दहा दिवसांत लालबागला जाणारा माणूस गणपती पाहायला जातो. डॉ. आंबेडकर मार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या पोलिसांच्या गाडीकडे तो सहसा पाहत नाही. आपण मात्र आज गणपती सोडून त्या गाडीकडेच पाहू या. बंदोबस्ताच्या अशा गाडीत रायफल ठेवलेली असेल, तर ती तासन्तास, कधी रात्रभरही तिथे पडून राहते. गाडीला छप्पर आहे, दारे बंद आहेत, पावसाचा एक थेंबही आत येत नाही. असे असूनही चार-सहा दिवस कोणी हात लावला नाही, तर तिच्या बोल्टवर आणि स्क्रूंच्या डोक्यांभोवती तांबूस ठिपके दिसू लागतात. हे पाणी आले कुठून?

पाठ्यपुस्तकातला तीन परीक्षानळ्यांचा आणि खिळ्यांचा प्रयोग आपण सगळेच वर्गात करून दाखवतो. गंजायला हवा आणि पाणी दोन्ही लागतात, हे त्यावरून मुलांना नीट समजते. अडचण अशी की त्या प्रयोगातले पाणी डोळ्यांना दिसते. बंद गाडीतले, लोखंडी कपाटातले किंवा टॅक्सीच्या डिकीतल्या पान्ह्यांच्या पेटीतले पाणी दिसत नाही. त्यामुळे ‘झाकून ठेवले म्हणजे गंजणार नाही’ ही समजूत शाळा सुटल्यावरही तशीच राहते.

थोडा हिशेब करू. पावसाळ्यात मुंबईत तापमान ३० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. अशा एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. ही हवा थंड होत गेली, की सव्वीस अंशांच्या आसपास ती संपृक्त होते, म्हणजे तिचा दवबिंदू २६ अंश आहे. याचा सरळ अर्थ असा की सव्वीस अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही धातूवर या हवेतले पाणी जमणार. फक्त चार अंशांचा फरक पुरे! डिसेंबरातल्या नागपूरच्या कोरड्या दुपारी हाच फरक पंधरा-वीस अंशांचा असू शकतो. तिकडची पेटी आणि इकडची पेटी यांत गंजाच्या दृष्टीने एवढे अंतर का पडते, ते यावरून लक्षात येईल.

आता गाडीतली परिस्थिती पाहा. रात्री गाडीचा पत्रा आकाशाकडे उष्णता टाकून थंड होतो आणि त्याबरोबर आतल्या वस्तूही निवतात. सकाळी ऊन आले की आतली हवा लवकर तापते. पण चार किलो वजनाची रायफल तितक्या लवकर तापत नाही, ती मागे राहते. दार उघडले की बाहेरची दमट हवा त्या थंड पोलादाला भिडते आणि त्यावर दव धरते. गाडी वातानुकूलित असेल तर हे आणखी झटकन होते. बावीस अंशांना निवलेली नळी बाहेर काढली की काही सेकंदांत तिच्यावर धुके येते. चष्मा लावणाऱ्या शिक्षकांना हा अनुभव वातानुकूलित बसमधून उतरताना रोज येतो. चष्मा आपण पुसतो, रायफलीच्या नळीचा आतला भाग कोण पुसणार?

बंद पेटीचेही असेच आहे. पेटी बंद असली तरी ती श्वास घेते. दुपारी उन्हात उभ्या गाडीत पेटीतली हवा ५० अंशांपर्यंत तापली आणि रात्री २५ अंशांवर आली, तर तिचे आकारमान सुमारे आठ टक्क्यांनी घटते. पन्नास लिटरची पेटी असेल, तर रोज रात्री चारेक लिटर नवी दमट हवा झाकणाच्या फटीतून आत ओढली जाते. त्या हवेत फार तर एक दशांश ग्रॅम पाणी असते. हे क्षुल्लक वाटेल, आणि दुसऱ्या दिवशी तापून ती हवा पुन्हा बाहेरही पडते. पण दरम्यान ते पाणी धातूवर जमले, किंवा पेटीतल्या फोमने, कापडाने अथवा चामड्याने शोषून घेतले, तर सगळे बाहेर जात नाही. म्हणूनच रायफल मऊ कापडात किंवा चामड्याच्या म्यानात जपून गुंडाळून ठेवणे हा तिला गंज लावण्याचा खात्रीचा उपाय आहे. चामडे कमावताना वापरलेली आम्ले आणि क्षार त्यात राहिले असले तर मग विचारूच नका.

दव दिसावे लागते असेही नाही. वर्नन या ब्रिटिश संशोधकाने १९२० आणि १९३०च्या दशकांत लोखंडाचे नमुने निरनिराळ्या आर्द्रतेच्या हवेत ठेवून त्यांचे वजन कसे वाढते ते मोजले. स्वच्छ हवेत आर्द्रता बरीच वाढली तरी गंज सावकाश चढत होता. पण हवेत गंधकाच्या डायऑक्साइडचा अंश मिसळला, की सुमारे ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेनंतर गंजण्याचा वेग एकदम वाढे. साठ टक्क्यांच्या खाली तो अगदी मंद असे. लालबाग-परळच्या गिरण्यांची धुराडी कोळशाचा धूर सोडत होती, तेव्हाच्या हवेला हे वर्णन चपखल लागू पडते. धुराडी थंडावली, तरी दोन्ही बाजूंचा समुद्र तीन-चार किलोमीटरच्या आतच आहे. समुद्री मिठातले सोडियम क्लोराइड ७५ टक्के आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते, आणि त्यातले मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांनाच. धातूवर मिठाचा कण बसला, की दवबिंदूची वाट पाहावी लागत नाही. घामाच्या बोटांचा ठसा हाही मिठाचाच थर असतो. हत्यार हाताळल्यावर पुसून ठेवण्याची पोलिसांतली शिस्त निव्वळ टापटिपीसाठी नाही.

गिरण्यांचा विषय निघालाच आहे तर एक विरोधाभास सांगतो. विणाईच्या खात्यात हवा मुद्दाम ओली ठेवत, कारण कोरड्या हवेत सुताचा धागा तटतट तुटतो. आर्द्रता ७५-८० टक्क्यांच्या घरात, आणि तिथेच शेकडो लोखंडी साचे! ते गंजून का जात नव्हते? कारण साचा चालू असला की घर्षणाने तो आजूबाजूच्या हवेपेक्षा थोडा गरम राहतो, त्याच्यावर दव धरत नाही, आणि रोज तेल पडत असल्याने तेलाचा थर ताजा राहतो. साचा थांबला की ही दोन्ही संरक्षणे जातात. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि गिरण्या थांबल्या. थांबलेल्या यंत्राला मुंबईची हवा काय करते, हे त्यानंतर वेगळे सांगायला नको. गाडीत ठेवलेली रायफल म्हणजे असेच थांबलेले यंत्र.

आता गंज नेमका कुठे धरतो ते पाहू, कारण खरा धोका तिथे आहे. पाण्याच्या थेंबाखाली लोखंड सगळीकडे सारखे विरघळत नाही. थेंबाच्या कडेला हवेतला प्राणवायू सहज पोहोचतो, मध्यभागी तो कमी पोहोचतो. लोखंड विरघळते ते मध्यभागी, जिथे प्राणवायू कमी आहे तिथे! तिथून सुटलेले इलेक्ट्रॉन धातूतून कडेला जातात आणि प्राणवायू व पाण्याशी संयोग पावून हायड्रॉक्साइड बनवतात. दोन्हींची गाठ पडते तिथे तांबूस कडे उमटते. म्हणजे गंज दिसतो एका जागी आणि खड्डा पडतो दुसऱ्या जागी. केंब्रिजच्या यूलिक इव्हान्स यांनी हे मिठाच्या पाण्याच्या थेंबावर दाखवून दिले. प्राणवायू कमी पोहोचेल अशा जागा रायफलीत पुष्कळ असतात : स्क्रूखालची फट, ओल्या कापडाखालचा भाग, लाकडाखाली झाकलेली नळी. महाराष्ट्र पोलिसांनी अनेक दशके वापरलेल्या ३०३ रायफलीची नळी तर जवळजवळ पूर्ण लाकडात झाकलेली असते. वरून चकचकीत दिसणारी रायफल लाकडाखाली कुरतडलेली असू शकते.

काडतूस जिथे बसते तिथल्या भिंतीत असे खड्डे पडले, तर परिणाम गंभीर होतो. बार उडताना पितळी नळकांडे फुगून भिंतीला चिकटते आणि दाब उतरताच आक्रसून सुटते. भिंत खडबडीत असेल तर ते अडकून बसते आणि दुसरी गोळी भरता येत नाही. ज्याच्या हातात ती रायफल आहे, त्याला हे नेमके नको त्या क्षणी कळते.

३०३च्या जुन्या काडतुसांबाबत आणखी एक भानगड होती. त्यांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर त्याचे पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीत बसे, म्हणजे पुन्हा मीठच. नळीत कितीही तेल ओतले तरी मीठ तेलात विरघळत नाही. उलट तेलाखाली ते सुखाने राहते. म्हणून सैनिक गोळीबारानंतर नळीत चक्क उकळते पाणी ओतत! गंज टाळण्यासाठी पाणी, हे मुलांना ऐकवून पाहा. पाणी मीठ धुऊन नेते, आणि तापलेली नळी स्वतःच्या उष्णतेने लगेच सुकते. त्यानंतर दोरीला चिंधी बांधून ती नळीतून ओढायची आणि शेवटी तेल द्यायचे. एनसीसीत रायफल साफ केलेल्या विद्यार्थ्यांना हा पुलथ्रू ठाऊक असेल. धुणे, सुकवणे, तेल हा क्रम बदलून चालत नाही.

तेलाचेही प्रकार आहेत. साधे तेल ओल्या धातूवर लावले तर पाणी खालीच अडकते. पाण्याला धातूवरून हुसकावून स्वतः पसरणारी द्रवे मिळतात. डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेत तयार झालेले द्रव त्यांपैकीच, नावातले डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारे. पण त्यातला मोठा भाग उडून जातो आणि मागे राहणारा थर फार पातळ असतो, म्हणून लांबच्या मुक्कामासाठी त्याच्या भरवशावर राहू नये. जाड ग्रीस वर्षभर टिकते, पण वापरातल्या हत्याराला ते नको, कारण ते धूळ धरते आणि बोल्ट जड करते. रायफलीचा काळा-निळा रंग हा खरे तर लोखंडाच्याच एका काळ्या ऑक्साइडचा पातळ थर. तो एकटा फारसे रक्षण करत नाही, तेल धरून ठेवतो एवढाच त्याचा उपयोग.

उरला हवेचा बंदोबस्त. रबरी पट्टीचे घट्ट झाकण असलेल्या पन्नास लिटरच्या पेटीत बंद करतेवेळी सव्वा ग्रॅमच्या आसपास वाफ असते. शंभर ग्रॅम सिलिका जेल वीसेक ग्रॅम पाणी सहज धरते, तेव्हा ते पुष्कळ झाले. झाकण सैल असेल, तर मात्र तुम्ही सगळ्या लालबागची हवा सुकवायला निघाला आहात. जेल ओले झाले की ११०-१२० अंशांना तापवून पुन्हा वापरता येते. खोलीतल्या कपाटात याहून सोपा उपाय चालतो, तो म्हणजे कमी वॉटचा बल्ब. त्याने पाणी कमी होत नाही, पण ३० अंशांची ८० टक्के आर्द्रतेची हवा ३५ अंशांना नेली, की तिची सापेक्ष आर्द्रता साठच्या आसपास उतरते. वर्नन यांची सीमारेषा नेमकी तीच. वातानुकूलित गाडीसाठी छायाचित्रकारांची युक्ती घ्यावी : वस्तू हवाबंद पिशवीतच बाहेर आणायची आणि ती बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही. बंदोबस्तावरच्या शिपायाला इतका वेळ कोण देणार, हा प्रश्न आहेच. त्याच्यासाठी काम संपताच सुकी चिंधी आणि तेल, हाच उपाय राहतो.

वर्गात रायफल आणता येणार नाही आणि आणूही नये. पण दोन प्रयोग जरूर करावेत. पहिला असा : स्टीलच्या पेल्यात पाणी आणि तापमापी ठेवा, बर्फाचे लहान तुकडे टाकून ढवळत राहा आणि पेला बाहेरून धुरकट होताच तापमान टिपा. हाच त्या दिवसाचा दवबिंदू. जुलैत आणि जानेवारीत तो मोजून मुलांना आलेख काढायला सांगा. दुसऱ्यासाठी १०० मिलिलिटर पाण्यात ३ ग्रॅम मीठ, ०.१ ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलिनचे काही थेंब घाला. या द्रावणात आम्ल मिसळू नका आणि ते तापवू नका. काचकागदाने घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पत्र्यावर त्याचा एक मोठा थेंब ठेवा. आधी निळे-गुलाबी ठिपके विखुरलेले दिसतील. थोड्या वेळाने मध्यभाग निळा होतो, तिथे लोखंड विरघळते आहे. कडेला गुलाबी वलय येते, आणि बराच वेळ थांबलात तर दोहोंच्या मधे तांबूस रेघ उमटते. थेंब टिपून घेऊन पत्रा भिंगाखाली धरला, की झीज कुठे झाली ते मुलांना स्वतःच शोधू द्या.