सडा पडीक नाही

रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सडे तुम्ही पाहिले असतील. मे महिन्यात नुसता काळा जांभा आणि वाळलेलं गवत. म्हणून त्याला सरसकट ‘पडीक’ म्हणतात, आणि पडीक म्हटलं की चिरेखाणीला वाट मोकळी. पण तिथे खरंच काही नसतं का? ते मोजायचं कसं, हे आज आपण बघू.

मोजायला पावसाळ्यात जायचं, कारण सड्यावरची बहुतेक रोपं तेव्हाच उगवतात. दोरीने मीटरभर लांब-रुंद चौकोन आखायचा. आत किती जाती आणि प्रत्येकीची किती रोपं, ते लिहायचं. असे बरेच चौकोन घ्यायचे. समजा, दोन चौकोनांत शंभर-शंभर रोपं आणि दहा-दहा जाती आहेत. एकात ९१ रोपं एकाच जातीची, बाकी नऊ जातींचं एकेकच. दुसऱ्यात प्रत्येकीची दहा. दुसऱ्यात विविधता जास्त. पहिल्यात एक गाय चरून गेली तरी नऊ जाती संपतील.

आता राखायचं काय? समजा, गावात दोन राया आणि एक सडा आहे. दोन्ही रायांत चाळीस जाती, पण त्याच त्या. सड्यावर पंधराच, पण राईत नसलेल्या. दोनच जागा राखता येणार असतील, तर दोन राया राखून चाळीसच जाती वाचतात. एक राई आणि सडा राखला तर पंचावन्न. मिसळणाच्या डब्यातल्या दोन वाट्यांत मोहरीच भरली, तर हळद कुठे ठेवणार?

शिवाय जी जात दुसरीकडे मिळत नाही, तिचं मोल अधिक. पांढऱ्या फुलांची दीपकाडी कोकणपट्टीच्या सड्यांवरच मुख्यतः आढळते. जगाच्या पातळीवरही हाच हिशेब आहे. जिथे फक्त तिथेच उगवणाऱ्या किमान १,५०० वनस्पती आहेत आणि मूळचं ७० टक्के रान गेलं आहे, अशा प्रदेशांना संवेदनशील मानतात. आपला सह्याद्री त्यांत आहे.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. टाकळा, फोडशी, भारंगी कुठे आणि कधी मिळते, हे आपल्यालाच ठाऊक असतं. ते आपण सांगितलं नाही, तर वहीत येणार नाही. म्हणून पुढच्या ग्रामसभेत आपण दोन प्रश्न विचारू या: आपली नोंदवही कुठे आहे? आणि तिच्यात पावसाळ्यातला सडा आहे का?