सेटिंग्जचें पान

ब्राउझरला जोडलेलें एक्स्टेंशन दुसऱ्याच्या घरीं काम करावयास आलेल्या गड्यासारखें असतें. घरधन्याला आपली आवड सांगण्याची सोय नसेल, तर गडी आपलेंच खरें करतो. पानांवरील अक्षरें मोठीं करणारें एक्स्टेंशन घ्या. कर्त्यानें १८ पिक्सेलांचें माप कायम केलें, तर अधू दृष्टीच्या वाचकाला तें अपुरें पडेल. म्हणून सेटिंग्जचें पान हवें.

क्रोममध्यें त्यासाठीं प्रथम एक एचटीएमएल पान लिहावें, आणि मॅनिफेस्ट फायलींतील ‘ऑप्शन्स_यूआय’ या सदराखालीं त्याचें नांव नोंदवावें. ‘स्टोरेज’ची परवानगीही तेथेंच मागावी. जावास्क्रिप्ट मात्र स्वतंत्र फायलींत ठेवावी. पानाच्या पोटांत लिहिलेली ब्राउझर चालवीत नाहीं.

वाचकाची निवड जपण्यास मुख्यतः दोन कोठारें आहेत. ‘लोकल’ हें त्याच यंत्रापुरतें. ‘सिंक’मधील नोंदी, सिंक चालू असल्यास, त्याच खात्याच्या दुसऱ्या यंत्रांवरही पोंचतात, पण तेथें एकूण सुमारें १०० किलोबाइट व एका नोंदीस ८ किलोबाइट एवढीच जागा मिळते. हीं कोठारें कुलूपबंद नसतात; यास्तव संकेतशब्द त्यांत ठेवूं नये.

नोंद वाचतांना तिच्याबरोबर मूळ माप द्यावें, म्हणजे ज्यानें कांहींच निवडलें नाहीं त्याचेंही काम अडत नाहीं. निवड बदलतांच ‘ऑनचेंज्ड’ अशी वर्दी मिळते. ती ऐकण्याची तजवीज केल्यास उघडीं पानेंही लगेच नवें माप घेतात. अक्षर केवढें असावें हें वाचणाऱ्याचे डोळे जाणतात. या पानावर तें त्याला सांगतां येतें.