राखणीला कुत्रा घेताय? आधी जरा बोलू

मागच्या महिन्यात बोईसरजवळच्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, वही फिरली आणि कर्जाच्या मागणीची वेळ आली. एका ताईंनी बारा हजार मागितले. अध्यक्ष ताईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कशासाठी?" त्या म्हणाल्या, "कुत्रा घ्यायला."

सगळ्या हसल्या. ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या आळीत दिवाळीनंतर दोन घरं फुटली होती, दोन्ही घरची माणसं लग्नाला गेलेली असताना. ताईंचे मालक एमआयडीसीत तिसऱ्या पाळीला जातात. रात्री घरात त्या, सासूबाई आणि दोन मुली. "मांजर पत्र्यावर चाललं तरी उठून बसते," असं त्या म्हणाल्या आणि मग कुणी हसलं नाही.

बाजारात त्यांनी जर्मन शेफर्डचं पिल्लू बघून ठेवलं होतं. "मॅडम, घेऊ का?" असं त्यांनी मला विचारलं आणि मला नीट उत्तर देता आलं नाही. समाजकार्याच्या अभ्यासात हे कुठे शिकवतात! म्हणून पुढचे पंधरा दिवस आपल्या पशुसखींना, पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना आणि घरी कुत्रा असलेल्या बऱ्याच ताईंना विचारत फिरले. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते.

पहिली गोष्ट. कुत्र्याने चोराला धरावं, फाडावं, असं आपल्या डोक्यात असतं. ते सिनेमात. चोराला हवा असतो अंधार, शांतता आणि वेळ. कुत्रा भुंकला की शांतता गेली, दिवे लागले की अंधार गेला, आणि मग वेळही उरत नाही. बहुतेक चोर शेजारचं गप्प घर बघतात. म्हणजे आपल्याला हवा आहे तो जागा करणारा कुत्रा. चावणारा कुत्रा चोराला चावेल की नाही ते सांगता येत नाही, पण गॅसवाल्याला, शाळेतल्या पोराला किंवा रात्री अकराला पाळी सुटून घरी येणाऱ्या शेजारच्या ताईला चावला तर काय? पाळलेल्या जनावराकडून माणसाला इजा होऊ नये याची काळजी मालकाने घेतली नाही, तर तो गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 त्यासाठीच आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता जातीचं बघू. जर्मन शेफर्ड हुशार, यात वाद नाही. पण त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, ते थंड मुलखासाठी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तारापूर-चिंचणीच्या दमट हवेत माणसाला सुचत नाही, तिथे पत्र्याच्या पडवीत त्याची काय गत होईल? शिवाय या जातीत मागच्या पायाच्या खुब्याचं दुखणं बऱ्याचदा निघतं. लॅब्रॅडॉर मुलांशी फार छान, पण तो सगळ्यांशीच छान. चोरापुढेही शेपूट हलवेल. रॉटवायलर, डॉबरमन ताकदीचे कुत्रे. त्यांना रोजचा व्यायाम आणि शिस्त लावणारं जाणतं माणूस लागतं. ज्यांनी आधी कधी कुत्रा पाळला नाही आणि ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत, त्यांनी त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या महाराष्ट्राचा कारवान कुत्रा देखणा, पण तो माळावर शिकारीमागे धावणारा. चाळीच्या खोलीत त्याला कोंडणं म्हणजे पाप. पोमेरेनियनला लोक हसतात, पण भुंकायच्या कामात तो कुणाला ऐकत नाही! फक्त केसांची निगा आणि उन्हाळा, दोन्ही सांभाळावं लागतं.

आणि आपला गावठी कुत्रा? अंगावर आखूड केस, इथल्या उन्हा-पावसाला सरावलेला, झोप सावध, अनोळखी पाऊल लगेच ओळखणारा. वजन साधारण पंधरा ते पंचवीस किलो, त्यामुळे खाणंही घरातलंच पुरतं. फुकट मिळतो म्हणून त्याची किंमत नाही, इतकंच. कुठल्याही पाड्यावर बघा, रात्री नवा माणूस आला की पहिली हाळी कोण देतं?

पिल्लू निवडताना घाई करू नका. आधी आई बघा. आई अंगावर धावून येणारी असेल किंवा माणूस दिसताच लपणारी असेल, तर पिल्लंही बहुधा तशीच निघतात. आपल्याकडे महिन्याचं पिल्लू उचलून आणायची पद्धत आहे, ती चुकीची. दोन महिने त्याला आईजवळ राहू द्या. चावा किती जोरात घ्यायचा, कधी थांबायचं, हे ते भावंडांत खेळतानाच शिकतं. मग जवळ जाऊन एक ताट जमिनीवर पाडा. सगळी पिल्लं दचकतील. पण दचकून मागे गेलेलं आणि परत पुढे येऊन ताट हुंगणारं पिल्लू आपलं. कोपऱ्यातून बाहेरच न येणारं नको, आणि सगळ्यांना चावून पिटाळणारंही नको. ताट पाडल्यावर ज्याने मानच वळवली नाही त्याला ऐकू येतं का ते तपासा. डोळे स्वच्छ, नाक न वाहणारं, अंगावर खरजेचे चट्टे नसलेलं, एवढं बघायला डॉक्टर लागत नाही.

एक गोष्ट मला सगळीकडे ऐकू आली. "मादी नको हो मॅडम, पिल्लं होतील." ऐकून मी मनात म्हटलं, इथेही मुलगी नको! पण राखणीला मादी बऱ्याचदा बरी पडते. नर दुसऱ्या आळीतल्या मादीच्या वासाने रात्र-रात्र फिरतो, नेमका नको त्या वेळी घरी नसतो. मादी घर धरून राहते. पिल्लांची काळजी असेल तर नसबंदी करून घ्या. नसबंदीने कुत्रा आळशी होतो, भुंकत नाही, हा गैरसमज आहे.

आता पैशाचं. बारा हजार पिल्लावर घालवून लसीला शंभर रुपये नसतील तर त्या बारा हजारांना अर्थ नाही. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गटातल्या ताईंनी असंच महागाचं पिल्लू आणलं. विकणाऱ्याने "सगळ्या लसी झाल्यात" असं तोंडी सांगितलं, कार्ड काही दिलं नाही. आठवड्यात उलट्या, रक्ताची हगवण, आणि चौथ्या दिवशी पिल्लू गेलं. तो पार्व्हो नावाचा आजार. पिल्लू गेलं तरी कर्जाचे हप्ते पुढे वर्षभर चालू राहिले. म्हणून लिहून ठेवा: पार्व्हो, डिस्टेंपर वगैरेंची एकत्र लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने परत द्यावी लागते. तोवर त्याला रस्त्यावरच्या कुत्र्यांत सोडू नका. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, आणि पुढे दर वर्षी. कार्ड मागून घ्या आणि गटाच्या पासबुकाजवळ ठेवा. जंताचं औषध आणि गोचीड विसरू नका. गोचिडीच्या तापाने चांगले धडधाकट कुत्रे जातात.

रेबीज झाला की इलाज नाही, माणसालाही नाही. कुत्रा चावला किंवा नुसतं खरचटलं, अगदी घरचं पिल्लू असलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. भगताकडे मग जा हवं तर, आधी सरकारी दवाखाना. लस तिथे मोफत आहे, आणि सांगितलेले सगळे डोस पूर्ण करायचे. दोन घेतले आणि बरं वाटलं म्हणून सोडलं, असं नको.

खाण्याचं फार अवघड नाही. भात, नाचणीची भाकरी, उकडलेलं अंडं, मासळीचे तुकडे. सुकं बोंबील, सुकट द्यायची तर भिजवून मीठ काढून. कोंबडीची शिजलेली हाडं देऊ नका, ती टोकदार फुटतात आणि आतड्यात रुततात. कांदा घातलेला रस्साही नको. खाणं नेहमी त्याच्याच थाळीत, घरच्याच माणसाच्या हातून द्या. बाहेरच्याने टाकलेलं खाऊ नये ही सवय लहानपणीच लागते. चोर काही फेकून कुत्र्याला गप्प करतात, ते याच जागी फसतात.

बांधून ठेवण्याबद्दल भांडण होईल, पण सांगते. दिवसरात्र साखळीला असलेला कुत्रा चांगला राखणदार होत नाही. तो चिडका होतो, पान हललं तरी भुंकतो, आणि मग घरचेच त्याच्याकडे लक्ष देईनासे होतात. सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवून आणणं ही मालकाची जबाबदारी आहे, 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरतेच्या कायद्यातही ते लिहिलं आहे. सकाळ-संध्याकाळ फिरवा, आल्यागेल्या माणसांची ओळख करून द्या. रात्री त्याची जागा मागच्या दाराजवळ असू द्या, कारण चोर पुढून कमी आणि मागून जास्त येतो. आणि धीर धरा. पिल्लू सहा महिन्यांचं होईपर्यंत राखण वगैरे काही नाही, ते फक्त चपला पळवतं. वर्षाचं झालं की अंदाज येतो.

सरावली, पास्थळ बाजूच्या चाळीत राहणाऱ्या तायांचं वेगळं. एका खोलीत पाच माणसं आणि कुत्रा कुठे? तिथे आळीतल्या एखाद्या गरीब स्वभावाच्या कुत्र्याला चार घरांनी मिळून खायला घालावं, वर्गणी काढून लस द्यावी. तो चारही घरं राखतो.

मनोर, विक्रमगड, जव्हारकडच्या तायांसाठी मात्र एक इशारा. रानाच्या कडेला उघड्यावर बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला आमंत्रण. नगर जिल्ह्यात अकोले भागात अभ्यास झाला, तिथे बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. वाघबारशीला आपण वाघोबाला मानतो, ते ठीक. पण त्याच्या तोंडासमोर आपलं कुत्रं बांधायचं नाही. रात्री त्याला पडवीत किंवा कुडाच्या आत घ्या. आतून भुंकला तरी काम होतंच.

आता कुत्रा भुंकला. पुढे काय? हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दिवा लावा, दार उघडू नका, शेजारच्या दोन घरांना फोन करा, 112 लावा. बाहेर काठ्या घेऊन जमाव करायचा नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात गडचिंचले इथे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. चोर फिरतायत, मुलं पळवणारे आलेत, अशा अफवा होत्या. जमावाने रस्त्यावर गाडी अडवली आणि तीन निरपराध माणसं मारली गेली. त्यानंतर किती घरांतले कर्ते पुरुष तुरुंगात गेले आणि मागे बायकांनी काय भोगलं, हे त्या बाजूला काम करताना ऐकलं आहे. कुत्र्याने अनोळखी माणूस आल्याचं सांगितलं, तो चोर आहे असं सांगितलेलं नसतं.

गटाच्या पैशाचंही सांगून टाकते. काही गटांत जमा रक्कम आठवडा-आठवडा कोषाध्यक्ष ताईंच्या कपाटात असते. त्या घराला कुत्रा असो नसो, बैठकीच्या दुसऱ्या दिवशी पैसे बँकेत गेलेच पाहिजेत. मागच्या दाराची कडी आणि कोयंडा मजबूत करा, कौलं सरकली असतील तर बसवून घ्या. याला बारा हजार लागत नाहीत.

त्या ताईंचं काय झालं, तर गटाने पुढच्या बैठकीत तीन हजार मंजूर केले. त्यात मागच्या दाराला नवी कडी, बाहेर एक दिवा आणि लसींचे पैसे. पिल्लू गटातल्याच एका ताईंच्या घरून आलं, गावठी, मादी, तांबड्या रंगाची. मुलींनी तिचं नाव राणी ठेवलंय. पहिली लस झाली आहे, दुसरीची तारीख मी माझ्या डायरीत लिहून ठेवली आहे. सासूबाईंचा आधी विरोध होता. आता राणी त्यांच्याच गोधडीत झोपते.