इवल्या सोबत्याची आठवडी तपासणी
गिनीपिगची केसगळती आणि आरोग्य यांविषयी काही उपयुक्त माहिती

शहरी जीवनात जागा आणि वेळ या दोन्ही गोष्टी दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालल्या असल्या, तरी प्राण्यांच्या सहवासाची ओढ मात्र कमी झालेली नाही. इंदिरापुरम, वैशाली, वसुंधरा किंवा राजनगर एक्स्टेन्शन अशा गाझियाबादच्या वसाहतींमधील उंच इमारतींत कुत्रा पाळणे प्रत्येक कुटुंबाला जमतेच असे नाही. अशा वेळी मुलांच्या हट्टाखातर घरात येतो तो गिनीपिग. तो आकाराने लहान, स्वभावाने गरीब आणि संपूर्ण शाकाहारी असतो. बदलीच्या निमित्ताने या परिसरात आलेल्या मराठी कुटुंबांनाही हा सोबती सोयीचा वाटतो.

मात्र सोयीचा प्राणी म्हणजे दुर्लक्ष केले तरी चालणारा प्राणी नव्हे. गिनीपिग नीट सांभाळल्यास पाच ते आठ वर्षे जगतो. त्याच्या अंगावरील केस विरळ होऊ लागले की पुष्कळदा घरातील मंडळी ‘ऋतू बदलतो आहे, केस गळणारच’ असे म्हणून तो विषय सोडून देतात. त्या विरळ जागेचा अर्थ वेळीच लावला, तर त्या जिवाचे हाल टळतात आणि अनेकदा प्राणही वाचतात.

दुखणे लपविणारा प्राणी

गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीचा. काही हजार वर्षांपूर्वी तेथील लोकांनी त्याला माणसाळविले. नावात ‘गिनी’ असले तरी आफ्रिकेतील गिनी देशाशी त्याचा संबंध नाही, आणि ‘पिग’ असला तरी तो डुकराच्या कुळातला नाही. उंदीर-खारींप्रमाणे तोही कुरतडणाऱ्या प्राण्यांत मोडतो.

निसर्गात हा इतर प्राण्यांचे भक्ष्य. अशक्त दिसणारा जीव शिकाऱ्याच्या तावडीत प्रथम सापडतो. त्यामुळे दुखणे शक्य तितके लपविण्याची प्रवृत्ती त्याच्या अंगी भिनलेली आहे. तो कण्हत नाही, तक्रार करीत नाही. एका कोपऱ्यात अंग फुलवून बसलेला गिनीपिग पाहणाऱ्याला शांत वाटतो, पण तोवर आजार बराच पुढे गेलेला असू शकतो. म्हणूनच आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, पंधरा मिनिटे काढून त्याची तपासणी करणे हाच खात्रीचा उपाय ठरतो.

पंधरा मिनिटांची तपासणी

प्रथम त्याला न उचलता लांबूनच पाहावे. तो नेहमीप्रमाणे धावतो का, खाण्याची चाहूल लागताच शीळ घातल्यासारखा आवाज करतो का, श्वास घेताना घरघर होते का, हे लक्षात घ्यावे. त्यानंतर एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली धरून त्याला उचलावे आणि स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर वाटीत किंवा टोपलीत बसवून वजन करावे. पूर्ण वाढलेल्या गिनीपिगचे वजन साधारणपणे ७०० ते १२०० ग्रॅम असते. ते दर आठवड्याला तारखेसह वहीत लिहून ठेवावे. एका दिवसाचे वजन फारसे काही सांगत नाही. चार-सहा आठवड्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की खरा कल कळतो. वजन एक दशांशाने घटले, तर बाकी सर्व ठीक दिसत असले तरी पशुवैद्याकडे जावे.

डोळे स्वच्छ आणि टपोरे असावेत. कधीकधी डोळ्यात दुधासारखा पांढरा थेंब दिसतो. त्यानेच गिनीपिग आपले तोंड धुतो, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. सतत पाणी किंवा चिकट स्राव मात्र आजाराचे लक्षण होय. नाक कोरडे असावे. पुढचे दात पांढरे आणि सरळ असावेत. या प्राण्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चघळण्यानेच ते झिजतात. हनुवटीखालचे केस लाळेने ओले असतील, तर आतील दाढा वाढून जिभेला टोचत असण्याची शक्यता असते. पायांच्या तळव्यांना लाली, सूज किंवा फोड आहेत का, नखे वळली आहेत का, हेही पाहावे. जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात तळव्यांना हमखास जखमा होतात. शेवटी मागचा भाग आणि लेंड्या पाहाव्यात. लेंड्या लहान, कमी किंवा पातळ झाल्या असतील, किंवा लघवीत रक्त दिसले, तर विलंब करू नये.

केस कोठे गेले, हे महत्त्वाचे

केसांची तपासणी स्वच्छ उजेडात करावी. बोटांनी केस उलट दिशेने सारून कातडी पाहावी. कानांमागे दोन्ही बाजूंस एक छोटी उघडी जागा प्रत्येक गिनीपिगला जन्मतःच असते. ते टक्कल नव्हे. याखेरीज कोठेही केस विरळ दिसले, तर ते शरीराच्या कोणत्या भागावरील आहेत आणि तेथे खाज आहे काय, या दोन प्रश्नांच्या उत्तरांतच कारणाचा बहुतेक उलगडा असतो.

मान, खांदे, पाठ किंवा मांड्यांच्या आतील बाजूस केस जाऊन कातडी जाड, खपलीयुक्त झाली असेल आणि प्राणी सारखा खाजवीत असेल, तर खरजेच्या किड्यांचा संशय घ्यावा. हे किडे कातडीत बिळे करून राहतात आणि साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. खाज इतकी असह्य होते की काही वेळा प्राण्याला आकडी आल्यासारखे झटके येतात. त्यावर परिणामकारक औषध आहे. पण ते वजनानुसार मोजून द्यावे लागते, आणि अंड्यांवर त्याचा परिणाम होत नसल्याने काही दिवसांनी पुन्हा द्यावे लागते. सोबतच्या सर्व गिनीपिगांवरही उपचार करावे लागतात. उवा मात्र केसांच्या मुळाशी हलताना दिसू शकतात.

नाकावर, डोळ्यांभोवती किंवा कानांवर गोलसर, कोंडा धरलेले चट्टे दिसल्यास तो बहुधा नायटा, म्हणजेच बुरशीचा संसर्ग असतो. हा माणसांनाही, विशेषतः मुलांना होतो. अशा वेळी प्राण्याला हाताळताना हातमोजे वापरावेत, नंतर साबणाने हात धुवावेत आणि घरात कोणाच्या अंगावर तसा चट्टा उमटल्यास डॉक्टरांना घरातील प्राण्याविषयी आवर्जून सांगावे.

दोन्ही कुशींवर सारख्या प्रमाणात केस विरळ झाले असून खाज अजिबात नसेल आणि मादी दीड-दोन वर्षांहून मोठी असेल, तर अंडाशयातील पाण्याच्या गाठी हे कारण संभवते. त्याचे निदान सोनोग्राफीने होते. तरुण मादीच्या कुशींवर असेच केस विरळ झाले आणि पोट वाढत असेल, तर ती गाभण असू शकते. दुकानांत नर-माद्या एकत्र ठेवल्या जात असतील, तर घरी आणलेली मादी आधीच गाभण निघणे अशक्य नाही. गर्भकाळ साधारण ५९ ते ७२ दिवसांचा असतो.

कातडी निरोगी असून केस कात्रीने कापल्यासारखे आखूड दिसत असतील, तर ते सोबत्याने किंवा त्याने स्वतःच कुरतडलेले असतात. कंटाळा, गर्दी आणि गवताची कमतरता ही त्याची कारणे. तेथे औषधापेक्षा मोठी जागा, लपायला दोन खोकी आणि भरपूर गवत हाच उपचार.

आहारातील एक महत्त्वाचा घटक

इतर बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात ‘क’ जीवनसत्त्व तयार होते. माणूस आणि गिनीपिग यांच्या शरीरात ते होत नाही. या साम्यानेच वैद्यकशास्त्राला मोठी दिशा दिली. १९०७ मध्ये नॉर्वेतील अ‍ॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख यांनी केवळ धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगांना, दीर्घ प्रवासातील खलाशांना होणारा स्कर्व्ही हा रोग होतो, असे दाखवून दिले. पुढे ‘क’ जीवनसत्त्वाची ओळख पटण्याच्या कामी याच प्राण्याचा उपयोग झाला, आणि त्या संशोधनातील कार्यासाठी आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

या जीवनसत्त्वाच्या अभावी केस राठ होऊन गळतात, सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येते आणि उचलताच प्राणी वेदनेने ओरडतो. निरोगी गिनीपिगला दररोज प्रत्येक किलो वजनामागे १० ते ३० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व लागते. ढोबळी मिरचीची एक फोड आणि मूठभर कोथिंबीर रोज दिल्यास ही गरज सहज भागते. पेरू अधूनमधून थोडाच द्यावा, कारण त्यात साखर असते. पाण्यात जीवनसत्त्वाचे थेंब टाकू नयेत. ते लवकर नष्ट होते आणि पाण्याची चव बदलल्याने प्राणी पाणीच कमी पितो.

आहाराचा मुख्य भाग मात्र वाळलेले गवत हाच असावा. आपल्याकडील लसूणघास किंवा उत्तर प्रदेशात सर्वत्र मिळणारे बरसीम मोठ्या प्राण्याला रोज देऊ नये. त्यातील जास्तीच्या कॅल्शियममुळे मुतखडा होण्याचा धोका असतो. कांदा, लसूण आणि बटाटा पूर्णतः वर्ज्य समजावेत.

गाझियाबादचे तीन ऋतू

येथील हवामान या प्राण्याची कसोटीच पाहते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि ‘लू’ वाहू लागते. गिनीपिगला घाम येत नाही. तीस अंशांच्या पुढे उष्माघाताचा धोका सुरू होतो. तेव्हा बाल्कनीत पिंजरा ठेवणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. त्याला थंड खोलीत ठेवावे आणि वीज गेल्यास गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवावी. पावसाळ्यातील दमट हवेत, तसेच कूलरच्या ओलसर झोतासमोर, ओले अंथरूण बुरशीला आमंत्रण देते. ते रोज बदलावे. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात थंड वाऱ्यापासून बचाव करावा आणि शिंका, घरघर यांकडे दुर्लक्ष करू नये, कारण न्यूमोनिया येथे फार वेळ देत नाही.

उपचार आणि खर्चाचा विचार

घरगुती उपचारांचा मोह टाळावा. कुत्र्या-मांजरांची गोचिडनाशक औषधे या प्राण्याला विषारी ठरू शकतात. पेनिसिलिन गटातील काही प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास त्याच्या आतड्यातील उपयुक्त जंतू मरून प्राणी दगावू शकतो. म्हणून माणसांच्या औषधांतील उरलेली मात्रा कधीही देऊ नये. सर्वच दवाखान्यांत अशा लहान प्राण्यांवर उपचार होत नाहीत. गरज पडण्यापूर्वीच फोन करून तशी चौकशी करून ठेवावी आणि त्या डॉक्टरांचा क्रमांक वजनाच्या वहीतच लिहावा. बारा तास काहीही न खाल्लेला गिनीपिग हा तातडीचा रुग्ण समजावा.

येथे अर्थशास्त्राचा एक मुद्दा येतो. प्राण्याची खरेदी किंमत अल्प असते आणि एका आजाराचा खर्च त्याच्या कितीतरी पट होऊ शकतो. ‘एवढ्यात तर नवा येईल’ हे वाक्य अशाच वेळी उच्चारले जाते. पण वस्तूची किंमत आणि जिवाची जबाबदारी यांचा हिशेब एकाच स्तंभात मांडता येत नाही. घरातील मूल ते वाक्य ऐकत असते आणि त्यावरून आजारी जिवाशी कसे वागावे, हे शिकत असते. म्हणून प्राणी घरी आणण्यापूर्वीच गवत, भाजी आणि दवाखाना यांसाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला ठेवण्याचे ठरवावे. तेवढी तयारी नसेल, तर प्राणी न आणणे हाच शहाणपणा.

तयारी असेल, तर ही आठवडी तपासणी मुलांवरच सोपवावी, अर्थात मोठ्यांच्या देखरेखीखाली. वजन करणे, नोंद ठेवणे, केस सारून पाहणे आणि काही वेगळे दिसताच सांगणे, ही कामे मुले मनापासून करतात. बोलू न शकणाऱ्याचे दुखणे ओळखण्याची सवय त्यातूनच लागते, आणि ती सवय त्यांना पुढे माणसांच्या बाबतीतही उपयोगी पडते.