बहुमंचीय मोबाईल ॲपमधील आवृत्ती-माहितीचे वाचन : स्वरूप, प्रक्रिया आणि दक्षता

प्रस्तावना :
संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून प्रकल्प म्हणून मोबाईल ॲप तयार करून घेण्याची पद्धत आता बहुतेक महाविद्यालयांत रूढ झाली आहे. समजा, एका गटाने हजेरीचे ॲप तयार केले आणि एका प्राध्यापकांच्या मोबाईलवर उपस्थितीची बेरीज चुकू लागली. ॲपच्या माहिती-पृष्ठावर १.२.० ही आवृत्ती दिसते, म्हणून विद्यार्थी त्यांना नवी आवृत्ती घेण्यास सांगतात. प्रत्यक्षात त्यांच्याकडे १.२.२ हीच नवी आवृत्ती असते. पृष्ठावरील आकडा आज्ञावलीत हाताने लिहिलेला असून तो बदलायचा राहून गेलेला असतो. परिणामी दोष तसाच राहतो आणि हजेरीपत्रक अविश्वसनीय ठरते. ही चूक का होते व ती कशी टाळावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

आवृत्ती-माहितीचे स्वरूप :
ॲपच्या आवृत्तीची माहिती दोन घटकांची असते. पहिला घटक वापरकर्त्यासाठी, तर दुसरा प्रणाली व ॲप-भांडार यांच्यासाठी असतो. अँड्रॉइडमध्ये त्यांना अनुक्रमे 'व्हर्जननेम' व 'व्हर्जनकोड' म्हणतात. व्हर्जननेम हा केवळ मजकूर असतो; व्हर्जनकोड हा पूर्णांक असून गुगल प्ले त्यासाठी २१० कोटी ही कमाल मर्यादा ठेवते. नवी आवृत्ती देताना हा पूर्णांक वाढवावाच लागतो. आयओएसमध्ये हे दोन्ही घटक 'इन्फो-पीलिस्ट' या धारिकेत असतात. तेथे बिल्ड क्रमांकातही टिंबे असू शकतात, त्यामुळे तो पूर्णांकच असेल असे गृहीत धरता येत नाही.

वाचनाची प्रक्रिया :
बहुमंचीय विकासात एकाच आज्ञावलीपासून दोन्ही मंचांवरील ॲप तयार होते. फ्लटर हे याचे परिचित उदाहरण होय. त्याची पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. फ्लटरमध्ये 'पबस्पेक' या धारिकेत १.२.२+४५ अशी एकच नोंद केली जाते. अधिक चिन्हापूर्वीचा भाग वापरकर्त्यासाठीची आवृत्ती होतो व नंतरचा भाग बिल्ड क्रमांक. ॲप बांधले जात असताना ही मूल्ये दोन्ही मंचांच्या आपापल्या जागी पोहोचतात.

ॲप चालू असताना 'पॅकेज इन्फो प्लस' या पूरक घटकाच्या साहाय्याने ही माहिती मागविता येते. हा घटक मूळ प्रणालीस विचारणा करून ॲपचे नाव, ओळखनाम, आवृत्ती व बिल्ड क्रमांक परत देतो. उत्तर तत्काळ न येता काही क्षणांनी येते. म्हणून आज्ञावलीने त्याची प्रतीक्षा करणे आवश्यक असते. मुख्य पडदा उभा राहण्यापूर्वीच ही विचारणा करावयाची असेल, तर फ्लटरची आंतरिक जोडणी आधी सिद्ध करून घ्यावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट माऊई या चौकटीत हेच कार्य 'ॲप-इन्फो' हा घटक करतो. तिची पूर्वसुरी असलेल्या झामारिनचे समर्थन १ मे २०२४ रोजी संपले.

दक्षता :
माहिती योग्य ठिकाणाहून वाचली, तरी तिचा अर्थ लावताना दोन चुका संभवतात.
१) मिळालेली आवृत्ती हा मजकूर असतो. मजकूर म्हणून तुलना केल्यास १.१०.० ही आवृत्ती १.९.० पेक्षा जुनी ठरते, कारण तेथे '१' व '९' या अक्षरांची तुलना होते. म्हणून टिंबांवर तुकडे करून प्रत्येक तुकडा संख्या म्हणून ताडून पाहावा. अन्यथा सक्तीच्या अद्ययावतीकरणाची सूचना नव्या आवृत्तीच्या वापरकर्त्यासही अडवू शकते.
२) अँड्रॉइडसाठी प्रोसेसरच्या प्रकारानुसार स्वतंत्र संच बांधल्यास फ्लटर सामान्यतः बिल्ड क्रमांकात हजारांची भर घालते. ६४ बिट आर्म प्रोसेसरच्या संचात ४५ ऐवजी २०४५ दिसतो. हा दोष नव्हे. मात्र ही बाब ठाऊक नसल्यास दोन मोबाईलवर दोन निरनिराळ्या आवृत्त्या असल्याचा भ्रम होतो.

निष्कर्ष :
आवृत्तीची नोंद एकाच ठिकाणी करावी आणि अन्यत्र ती स्थापित ॲपकडूनच वाचून घ्यावी, हे या विवेचनाचे सार होय. एकच माहिती दोन ठिकाणी लिहिली की केव्हातरी त्यांत तफावत पडतेच. प्रकल्पाचे मूल्यमापन करताना मार्गदर्शकांनी माहिती-पृष्ठावरील आकडा कोठून आला, एवढे अवश्य विचारावे. दोषनिवारणाची सुरुवात आपल्यासमोर नेमके काय आहे हे जाणण्यापासून होते, हा धडा विद्यार्थ्यास त्या एका प्रश्नातून मिळू शकेल.