झडप बदलून घरी आल्यावर

गटांच्या बैठकीत हृदयाच्या ऑपरेशनचा विषय निघाला की आम्हाला ऑपरेशनबद्दल फारसं कुणी विचारत नाही. ते डॉक्टरांचं काम, ते त्यांनी केलं. बायका विचारतात ते पुढचं. सून बावीस वर्षांची आहे, झडप बदलून आणली, तिला पाण्याला कधी पाठवायचं? मेथीची भाजी बंद करायची का? तिला मूल होईल का? आणि एक प्रश्न हळू आवाजात येतो: आता ती बरी दिसते, मग त्या गोळ्या किती दिवस चालू ठेवायच्या?

आजचं बोलणं या प्रश्नांवरच आहे.

आधी झडप म्हणजे काय ते बघू. विहिरीवरच्या मोटारीला खाली फूटव्हॉल्व्ह असतो. पाणी वर जाऊ द्यायचं, परत खाली येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. तो गळायला लागला की पाणी उतरतं, तो अडकला की मोटारीवर ताण येतो. आपल्या हृदयात अशा चार झडपा आहेत. म्हाताऱ्या माणसाची झडप वयानं कडक होते, पण तरुण मुलीची का खराब व्हावी? आपल्याकडे याचं मोठं कारण लहानपणी दुखलेला घसा हे आहे. पाच ते पंधरा वर्षांच्या वयात एका प्रकारच्या जंतूमुळे घसा धरतो. त्यावर पुरते उपचार झाले नाहीत तर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना ताप येतो, आज गुडघा तर उद्या घोटा असे सांधे सुजतात. याला रुमॅटिक ताप म्हणतात. सांधे बरे होतात, पण झडपेला झालेली इजा राहून जाते. दहा-पंधरा वर्षांनी चढ चढताना दम लागतो, पायाला सूज येते. पुष्कळ मुलींचा हा आजार पहिल्या बाळंतपणातच उघडा पडतो, कारण गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं आणि खराब झडपेला तो भार झेपत नाही. तोवर ‘कामाचा कंटाळा करते’ असं ऐकून घेतलेलं असतं.

माणसाच्या हृदयात कृत्रिम झडप बसवायला जगात १९६० च्या सुमारास सुरुवात झाली. परदेशी झडपा महाग पडत, म्हणून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या देशातली झडप तयार केली. ती १९९० मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवली. आजवर लाखावर लोकांना ती झडप बसवली आहे. आपल्या राज्यात महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांना कागद दाखवून विचारावं. घरी सोडल्यावरच्या तपासण्या आणि औषधांपैकी योजनेत काय मिळतं, हेही त्यांना तिथंच विचारून घ्यावं. गावी आल्यावर ते विचारायला पुन्हा एसटीचं भाडं पडतं.

आता घरी आल्यानंतरचे पहिले तीन महिने. ऑपरेशनसाठी छातीच्या मधलं हाड उभं कापतात आणि बहुतेक वेळा तारेनं बांधतात. वरचे टाके वाळले की घरच्यांना वाटतं, झालं बरं. पण आतलं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि पक्कं व्हायला तीन महिने. मोडलेला हात प्लास्टरमध्ये दिसतो म्हणून त्या बाईला कुणी काम सांगत नाही. हे हाड दिसत नाही, एवढाच फरक. भरलेला हंडा पंधरा-वीस किलोचा असतो. या दिवसांत दोन-तीन किलोच्या वर उचलायचं नाही, म्हणजे हंडा नाही, कळशी नाही, हापसा नाही, गवताचा भारा नाही, धुणं पिळणं नाही, आणि कडेवर मूलही नाही. लेकरू रडत आलं तरी तिनं बसून राहायचं आणि दुसऱ्या कुणी ते तिच्या मांडीवर द्यायचं. हे सगळ्यांत अवघड जातं, असं या मुली आम्हाला सांगतात.

खाली जमिनीवर बसून हात टेकून उठलं की सगळा जोर छातीच्या हाडावर येतो. म्हणून तीन महिने बाज किंवा खुर्ची वापरावी. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग उठायचं. खोकला किंवा शिंक आली तर उशी छातीशी घट्ट धरायची. दवाखान्यातून तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र मिळतं. त्यात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढून चेंडू वर चढवायचे असतात. ते घरी आल्यावर कपाटात जातं, पण सांगितलेले दिवस ते करावंच, नाहीतर छातीत कफ साठतो.

आणखी एक गोष्ट पुरुष डॉक्टरांना विचारायला बायका लाजतात. स्तनांच्या वजनानं जखम दोन्हीकडे ओढली जाते आणि दुखते. त्यासाठी सुती, सैल, पुढं हूक असलेली बॉडी दिवसरात्र घालावी, तिची शिवण जखमेवर येता कामा नये. जखम लाल झाली, पू आला, ताप आला किंवा श्वास घेताना हाडं एकमेकांवर सरकल्यासारखा आवाज आला, तर हळद लावून वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पण नुसतं निजवून ठेवणंही बरोबर नाही. पहिल्या आठवड्यात अंगणात पाच मिनिटं चालणं, मग दहा, असं वाढवत अर्ध्या तासापर्यंत जायचं. चालता चालता बोलता आलं पाहिजे, बोलताना धाप लागली तर थांबायचं. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं की स्वयंपाक, धुणं, शिवणकाम, बेतानं खुरपणीसुद्धा करता येते. काही घरांत उलटंच होतं. तिला जन्मभर ‘ऑपरेशनची बाई’ म्हणून कोपऱ्यात बसवतात, शिक्षण थांबवतात. झडप बदलतात ती तिला जगता यावं म्हणून.

पहिले काही आठवडे तिला रडू येतं, झोप लागत नाही, ठेवलेली वस्तू आठवत नाही. एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर हे पुष्कळांना होतं आणि हळूहळू कमी होतं. अंगारे-धुपारे करून तिला आणखी घाबरवू नका. महिना-दीड महिना होऊनही जेवण नको, बोलणं नको असंच राहिलं, तर डॉक्टरांना सांगा. तिला रात्री शांततेत छातीतून घड्याळासारखी टिकटिक ऐकू येईल. ती नव्या झडपेची टिकटिक आहे. कान सरावतो.

आता गोळीकडे येऊ, कारण आमच्या मते सगळं याच गोष्टीवर उभं आहे. झडपा दोन तऱ्हेच्या असतात. एक जनावराच्या पेशींपासून केलेली, तिला रक्त पातळ करणारी गोळी साधारणपणे काही महिनेच लागते, पण ती तरुण शरीरात लवकर झिजते आणि दहा-पंधरा वर्षांत, कधी त्याआधीही, ती बदलावी लागते. दुसरी धातूची किंवा कार्बनची. ही टिकते, म्हणून तरुणांना पुष्कळदा हीच बसवतात. पण तिच्यावर रक्ताची गुठळी धरू शकते. गुठळीनं झडप अडकली तर जीव जातो, ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू होतो. म्हणून वॉरफॅरिन किंवा ॲसिनोकुमारॉल यांपैकी एक गोळी जन्मभर घ्यावी लागते. जन्मभर म्हणजे जन्मभर. बरं वाटतंय ते गोळी चालू आहे म्हणून.

या दोन गोळ्या एकसारख्या नाहीत. दुकानदारानं ‘ती नाही, ही घ्या’ म्हटलं तर घेऊ नका. बाजारात रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्याही आल्या आहेत, पण त्या धातूच्या झडपेला चालत नाहीत. गोळी रोज संध्याकाळी ठरल्या वेळी घ्यावी, दिवाबत्तीची वेळ लक्षात राहते. विसरली आणि त्याच रात्री आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवलं तर कालची सोडून द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत.

गोळी बरोबर लागू पडते का, हे आयएनआर नावाच्या रक्ततपासणीत कळतं. साध्या माणसाचा आकडा १ च्या आसपास असतो. धातूची झडप असलेल्याचा तो बहुधा २ ते ३ किंवा २.५ ते ३.५ यांच्यात ठेवतात, कुठली झडप बदलली त्याप्रमाणे. आकडा खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. सुरुवातीला ही तपासणी आठवड्याला किंवा त्याहून लवकर, पुढे आकडा स्थिर झाल्यावर साधारण महिन्याला करतात. एका वहीत तारीख, आकडा आणि गोळीचं प्रमाण लिहायचं. जिला लिहिता येत नाही तिची वही गटातल्या कुणी लिहावी. जाण्यायेण्याचा खर्च आणि तपासणीचे पैसे दर महिन्याला निघत नाहीत म्हणून तपासणी चुकते. गटानं यासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवली तर आमच्या मते तो पैसा वाया जाणार नाही.

मेथीचं उत्तर आता देता येतं. मेथी, पालक, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, कोबी यांत के जीवनसत्त्व असतं आणि ते या गोळीच्या उलट काम करतं. म्हणून भाजी बंद करायची नाही, प्रमाण सारखं ठेवायचं. आपल्याकडे पावसाळ्यात रोज ताटात पालेभाजी असते आणि उन्हाळ्यात महिना महिना दिसत नाही. ऋतू बदलला की आकडा बदलू शकतो, तेव्हा तपासणी लवकर करावी. नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा आणि शेंगदाण्यावर राहणंही तसंच. उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. झाडपाल्याची औषधं आणि दुकानातून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या न विचारता घेऊ नयेत. कमरेत इंजेक्शन घेण्याआधी ‘माझं रक्त पातळ आहे’ असं सांगावं, नाहीतर तिथं आत रक्त साकळतं. लहानपणच्या त्या तापासाठी पेनिसिलिन चालू असेल तर झडप बदलली म्हणून ते बंद होत नाही. ते इंजेक्शननं घ्यायचं की गोळीनं, हे डॉक्टर ठरवतील.

दात आणि मिश्री. हो, मिश्रीचंच बोलतोय. खराब हिरड्यांतून जंतू रक्तात जातात आणि नव्या झडपेवर बसतात, तो आजार फार वाईट. मिश्री सोडावी आणि मऊ ब्रश वापरावा. दात काढायच्या आधी झडपेचं सांगावं, प्रतिजैविक घ्यावं लागतं. रक्ताची गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नये.

पाळीत जास्त अंगावर जाऊ शकतं. तासाला घडी बदलावी लागली तर थांबू नका. मूल होऊ शकतं, पण आधी ठरवून. पहिल्या तीन महिन्यांत वॉरफॅरिननं गर्भाला इजा होऊ शकते आणि गोळी सोडली तर आईच्या जिवाला धोका, अशी ही दुहेरी अडचण आहे. त्यावर इंजेक्शनांचे मार्ग आहेत, पण ते हृदयाच्या आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचे असतात. पाळी चार दिवस चुकली तरी तपासणी करून लगेच जावं. तोवर माला-डीसारख्या गोळ्या नकोत, त्यांनी गुठळीचा धोका वाढतो. निरोध किंवा नवऱ्याची नसबंदी तिच्या जिवाला सोपी.

लग्न ठरवताना ऑपरेशन लपवतात, आम्हाला माहीत आहे. मग सासरी ती गोळी पदराआड घेते, तपासणीला ‘माहेरी जाते’ सांगून जाते, आणि एखादा महिना ते जमत नाही. छातीवरचा व्रण पहिल्याच रात्री दिसतो, लपतं फक्त गोळीचं. सांगितल्यानं एखादं स्थळ मोडेल. मोडू द्या.

तिच्या बटव्यात एक चिठ्ठी कायम असू द्या. तिच्यावर झडप कुठली, कधी बसवली, गोळीचं नाव आणि प्रमाण, शेवटचा आयएनआर, घरचा फोन एवढं लिहा. डोक्याला मार लागला, शौच काळी झाली, लघवीतून किंवा हिरड्यांतून रक्त थांबेना, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, अचानक धाप लागली किंवा नेहमीची टिकटिक दबल्यासारखी वाटली, तर १०८ ला फोन करा आणि ती चिठ्ठी पहिल्यांदा डॉक्टरांच्या हातात द्या.