प्रत्यारोपित मूत्रपिंडातील व्रणवस्तू : संशोधन आणि वैद्याचे कर्तव्य

आचार्य सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायात केलेली ‘व्रण’ शब्दाची निरुक्ती आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. व्रण भरून आला तरी त्याची खूण, म्हणजेच व्रणवस्तू, देह आहे तोवर नाहीशी होत नाही; म्हणून तो व्रण. त्वचेवरील ही खूण डोळ्यांना दिसते. परंतु दुसऱ्याच्या देहातून आणून बसविलेल्या मूत्रपिंडातही अशीच व्रणवस्तू हळूहळू साचत जाते आणि ती रुग्णाला, चिकित्सकाला, एवढेच नव्हे तर पुष्कळदा रक्ततपासणीलाही दिसत नाही. प्रत्यारोपण झालेले रुग्ण आज आपल्या चिकित्सालयांत बल्य व रसायन औषधे मागण्यासाठी येतात. त्यामुळे या विषयावरील संशोधन हा केवळ शल्यचिकित्सकांचा प्रांत राहिलेला नाही.

पूर्वपीठिका

सुश्रुतांनी कर्णसंधान व नासासंधान सांगितले, ते रुग्णाच्याच देहातील मांस घेऊन. स्वतःच्या धातूंना देह परके मानीत नाही. मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपणही याच तत्त्वाच्या आधारे झाले. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड त्याच्या एकसारख्या जुळ्या भावाला बसविले. इतर रुग्णांत मात्र देहाची व्याधिक्षमत्वशक्तीच परक्या अवयवावर तुटून पडते, हे सर पीटर मेडावार यांच्या संशोधनातून सिद्ध झाले होते. ही शक्ती दाबून ठेवणारे सायक्लोस्पोरिन अमेरिकेत १९८३ मध्ये मान्यता पावले आणि पुढे टॅक्रोलिमस आले. तीव्र स्वरूपाच्या अवयव-नकाराचे प्रमाण त्यानंतर पुष्कळ घटले. तरीही काही वर्षांनी मूत्रपिंडे निकामी होतच राहिली. अशा मूत्रपिंडांची बायॉप्सी केली असता सूक्ष्म नलिकांच्या मधल्या जागेत तंतुमय ऊतींचा थर आणि सुकून गेलेल्या नलिका आढळत.

वण कसा घडतो?

दात्याच्या देहातून काढलेला अवयव काही काळ रक्ताविना राहतो आणि रक्तप्रवाह पुन्हा सुरू होतानाही त्याला इजा पोहोचते. पुढे ग्राहकाच्या प्रतिकारपेशींचे लहानमोठे हल्ले चालू राहतात. दुखावलेल्या पेशींतून ‘टीजीएफ-बीटा’ नावाचा संदेशवाहक स्रवतो. त्याच्या प्रभावाने साध्या तंतुपेशींचे रूपांतर मायोफायब्रोब्लास्ट या पेशींत होते. जिनिव्हाचे गिउलिओ गाबियानी व सहकारी यांनी १९७१ मध्ये भरत्या जखमेत वर्णिलेल्या याच पेशी होत. जखमेच्या कडा आवळून घेणे आणि कोलॅजेन रचणे हे त्यांचे काम. त्वचेवरील जखम बुजली की या पेशी लय पावतात. इजा चालूच राहिली तर मात्र त्या थांबत नाहीत. कोलॅजेनचा थर वाढतो, केशवाहिन्या विरळ होतात आणि नलिका आक्रसतात.

आपल्या परिभाषेत खवैगुण्य, स्रोतोरोध आणि पुढे वाताची खरता व शोष असा हा क्रम लावता येईल. समजून घेण्यास तो उपयुक्त आहे. मात्र तेवढ्यावरून चिकित्सा सिद्ध झाली असे कोणी मानू नये.

विरोधाभास असा की अवयव राखणारी औषधेही या वणाला हातभार लावतात. सायक्लोस्पोरिन मूत्रपिंडातील सूक्ष्म धमन्या आकुंचित करते आणि टीजीएफ-बीटाचे प्रमाणही वाढविते.

दोन महत्त्वाचे अभ्यास

या प्रक्रियेचा कालक्रम स्पष्ट केला तो सिडनीच्या वेस्टमीड रुग्णालयातील डॉ. ब्रायन नॅनकिव्हेल यांच्या अभ्यासाने. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १२० रुग्णांच्या ९६१ बायॉप्सी तपासण्यात आल्या. लक्षणे दिसण्याची वाट न पाहता ठरावीक अंतराने त्या घेतल्या होत्या, हे त्यांचे वैशिष्ट्य. इजेचे दोन टप्पे त्यातून दिसून आले. पहिल्या वर्षातच रक्ताभावाची इजा आणि लक्षणांवाचून चाललेला अवयव-नकार यांमुळे नलिकांभोवती वण तयार होतो. पुढील वर्षांत सूक्ष्म धमन्या व गुच्छिका यांचा नाश होत जातो आणि दहा वर्षांअखेर औषधांचा दुष्परिणाम जवळजवळ सर्वांत आढळतो.

अशा सर्व विकृतीला पूर्वी ‘क्रॉनिक अॅलोग्राफ्ट नेफ्रोपॅथी’ असे एकच नाव दिले जाई. २००५ च्या बॅन्फ परिषदेत हे नाव सोडून देण्यात आले. कारण नाव मिळाले की कारणाचा शोध थांबे. निदान म्हणजे हेतूचा शोध, हे मानणाऱ्या आपल्या परंपरेला त्या निर्णयाचे मर्म सहज पटेल.

हेतूचा शोध पुढे एडमंटन येथील संशोधकांनी घेतला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात निकामी झालेल्या ५६ मूत्रपिंडांचे कारण निश्चित करता आले. त्यांपैकी ३६ अवयव-नकारामुळे गेली होती, त्यांत प्रतिपिंडांचा वाटा मुख्य होता. या ३६ पैकी १७ रुग्णांनी औषधे नियमित घेतली नव्हती. ही संख्या आपण विसरता कामा नये.

वण विरतो का?

प्रत्यारोपित मूत्रपिंडातील वण विरघळविणारे मान्यताप्राप्त औषध आज कोणत्याही वैद्यकशास्त्राजवळ नाही. तथापि १९९८ मध्ये मिनेसोटा व पादुआ येथील संशोधकांनी एक उद्बोधक निरीक्षण मांडले. स्वादुपिंडाचे प्रत्यारोपण झालेल्या आठ मधुमेही रुग्णांच्या स्वतःच्या मूत्रपिंडांतील मधुमेहजन्य विकृती पाच वर्षांत हटली नव्हती. दहा वर्षांनी ती मागे फिरलेली दिसली. दहा वर्षे रक्तशर्करा प्राकृत राहिली, एवढेच निमित्त. निदानपरिवर्जनाचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. प्रत्यारोपित अवयवाला हे उदाहरण जसेच्या तसे लागू होत नाही. हेतू दूर ठेवण्याचे महत्त्व मात्र त्यातून निश्चित कळते.

आपल्या औषधांचा संबंध

टॅक्रोलिमस व सायक्लोस्पोरिन यांचे पचन आतडे व यकृत यांतील ‘सीवायपी ३ए४’ या विकराने होते. त्यांची उपयुक्त व विषारी मात्रा यांतील अंतर अल्प असते. मिरी व पिंपळी यांतील पायपेरीन हा विकर मंदावतो. म्हणजे त्रिकटूयुक्त कल्पांनी रक्तातील मात्रा वाढून मूत्रपिंडालाच इजा होण्याचा धोका संभवतो. उलट गुग्गुळातील गुग्गुलस्टेरोन हा विकर वाढविणारी यंत्रणा चेतवते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. म्हणजे मूत्रविकारात आपण सहज योजतो तो गोक्षुरादि गुग्गुळ येथे औषधाची मात्रा घटवून अवयव-नकाराला वाट करून देऊ शकतो. ही केवळ कल्पना नव्हे. सेंट जॉन्स वर्ट ही युरोपीय वनस्पती याच मार्गाने सायक्लोस्पोरिनची मात्रा घटविते आणि तिच्यामुळे झुरिच येथे दोन हृदय-प्रत्यारोपित रुग्णांत तीव्र अवयव-नकार घडल्याचे २००० मध्ये नोंदले गेले.

गुळवेल, अश्वगंधा यांसारखी व्याधिक्षमत्व वाढविणारी म्हणून दिली जाणारी रसायने येथे चिकित्सेच्या हेतूलाच छेद देतात. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढू शकतो. स्वयंपाकातील चिमूटभर मिरी हा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो रोज मात्रेने घेतलेल्या चूर्णाचा, वटीचा व घनसत्त्वाचा.

औषधालयाच्या चालकांनी ब्रुसेल्सची घटनाही ध्यानात ठेवावी. १९९० नंतरच्या वर्षांत तेथील एका स्थौल्यचिकित्सालयातील चिनी वनस्पतींच्या मिश्रणात चुकून अॅरिस्टोलोकिया या वनस्पतीची भेसळ झाली. अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे वेगाने तंतुमय होऊन निकामी झाली आणि पुढे कित्येकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आपल्याकडील ईश्वरी ही त्याच कुळातील आणि त्याच प्रजातीगणातील वनस्पती आहे. कच्च्या द्रव्याची ओळख पटविल्यावाचून खरेदी करू नये, हा धडा मूत्रपिंडाच्या वणाने दिला आहे.

व्यवहारात काय करावे?

प्रत्येक नव्या रुग्णास शस्त्रक्रियेबाबत व चालू औषधांबाबत स्पष्ट विचारावे. पुष्कळ रुग्ण संकोचाने हे सांगत नाहीत. प्रत्यारोपण झालेले असल्यास कोणतेही आभ्यंतर औषध देण्यापूर्वी त्याच्या प्रत्यारोपण-चिकित्सकाशी लेखी संपर्क साधावा. ‘आता त्या गोळ्यांची गरज नाही’ हे वाक्य आपल्या मुखातून कदापि निघू नये. औषध दुकानातही चूर्ण वा वटी हाती देण्यापूर्वी हा एक प्रश्न विचारण्याचा परिपाठ ठेवावा.

याचा अर्थ वैद्याला येथे काम उरत नाही असा नव्हे. पथ्य आहार, नियमित निद्रा, स्वच्छ अन्नपाणी, रक्तदाब व शर्करा यांवर लक्ष आणि गोळी ठरल्या वेळी घेतली की नाही याची आपुलकीने चौकशी, ही सर्व चिकित्साच आहे. रुग्ण महानगरातील तज्ज्ञाकडे काही महिन्यांनी जातो; आपल्याकडे तो दर आठवड्याला येऊ शकतो. एडमंटनच्या त्या १७ रुग्णांना चुकलेल्या गोळीची वेळेवर विचारपूस करणारा कोणी हवा होता. आपल्या गावात ती विचारपूस आपण करू शकतो आणि त्यासाठी कोणतेही नवे औषध लागत नाही.